येसू निळारणीच्या अकरा ओव्या

भोकाचा व्यास सव्वा मिलिमीटर होता. कागद खाणाऱ्या कसरीनं पाडलेलं, जवळजवळ गोल, डावीकडे किंचित लांबट. 'तैसा' या शब्दातल्या 'सा'च्या कान्याला ते चिकटून होतं, आणि त्या कान्याची शाई भोकाच्या कडेवरून आत उतरली होती. फार नाही, केसाच्या जाडीइतकी.

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. शाई तिथंच होती.

"झालं का?" मुकुंदनं दारातूनच विचारलं. त्याच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते आणि दार त्यानं पायानं ढकललं होतं.

"नाही अजून."

"शाई काजळीचीच निघाली ना?"

"काजळीची आहे. डिंक बाभळीचा. माक्याचा रसही आहे."

"मग राहिलं काय?"

"कागद बघते आहे."

"बघ, बघ. अप्पासाहेब रोज विचारतात. मी सांगतो, आमच्या बाई दुधाचं मापसुद्धा दोनदा घेतात, त्यांना घाई करू नका." त्यानं माझा कप टेबलाच्या कडेला, पानांपासून लांब ठेवला. एवढं मी त्याला शिकवलं होतं. "पण कुंदा, संपादन समितीची बैठक चार मार्चला आहे. त्याच्या आत तुझ्या अहवालावर सही हवी."

तो गेल्यावर मी त्या कान्याचं चित्र वहीत काढून ठेवलं. खाली काही लिहिलं नाही.

ही एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. जालन्याच्या दक्षिणगंगा हस्तलिखित मंडळात मी रसायनतज्ज्ञ होते. रसायनतज्ज्ञ म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, काही बाटल्या आणि जुनी पानं दुरुस्त करण्याचं काम. डॉ. मुकुंद आष्टीकर तिथं मध्ययुगीन साहित्याचे संशोधक होते. आमचं लग्न ठरून सहा वर्षं झाली होती. आधी त्याचा प्रबंध व्हायचा होता, मग बहिणीचं लग्न, आणि गेली दोन वर्षं येसू निळारणीची पोथी.

ती पोथी जुन्या जालन्यातल्या कौसाबाई निळारी यांच्या घरून आली होती. तीनशे वर्षांपूर्वीची, तेवीस पानांची, बेचाळीस ओव्यांची. येसू ही कापडं निळीत रंगवणाऱ्या घरातली बाई. तिच्या ओव्यांत नीळ होती, चुना होता, गूळ आणि टाकळ्याचं बी होतं, भिजलेल्या कापडाचं ओझं होतं, कोपरापर्यंत निळे झालेले हात होते. दुसरं काही नव्हतं. पहिल्या वर्षी मुकुंदनं त्यावर निबंध वाचला, तेव्हा पुण्याहून आलेले एक विद्वान म्हणाले होते, "आष्टीकर, ही पाककृती आहे हो. कविता कुठाय?" सभागृह हसलं होतं. मुकुंदही हसला होता. परतीच्या एसटीत तो चार तास एक शब्द बोलला नाही.

त्याचं म्हणणं मला पाठ होतं. संस्कृत काव्यातली नायिका काही काम करत नाही, ती वाट बघते. प्राकृतातल्या पोरी शेत राखतात, पण ती राखण भेटीचं निमित्त असते. संतांच्या काळात काम येतं, दळण येतं, कांडण येतं, पण मग प्रेम थेट देवाकडे जातं. "कामही त्या बाईचं आणि प्रेमही तिचंच, हाडामांसाच्या माणसावरचं, आणि दोन्ही एकाच ओवीत. असं एक पान दाखव मला," तो म्हणायचा. "एक पान."

ऑक्टोबरात त्याला तीन मिळाली. दिवाळीला कौसाबाईंकडे गेलो होतो, माळ्यावर होती, असं त्यानं सांगितलं. तीन पानांवर अकरा ओव्या, सगळ्या प्रेमाच्या, सगळ्या निळीच्या रांजणापाशी उभं राहून म्हटलेल्या. मी वाचल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्यातली नववी अशी होती:

*उदकी पिवळा । वारियाने निळा ।*
*तैसा माझा मला । कळे जीव ॥*

आणि तिसरी:

*चौथिये दिवसी । ढवळिले मी त्यासी ।*
*तेव्हा मजपासी । उघडला तो ॥*

अंगावर काटा का आला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. चांगली कविता वाचली की येतो, असं समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेली भोकं तपासली. तीन पानांत मिळून दहा होती. नऊ ठिकाणी अक्षरं भोकाच्या बाजूनं वळून गेली होती, वाटेतला दगड टाळावा तशी. एकच भोक चुकलं होतं. मग मी जुन्या तेवीस पानांतली भोकं पाहिली. तिथं कसर अक्षरांच्या मधून गेली होती, 'म' अर्धा खाल्लेला, 'ळ'चं पोट गेलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी शाई कडेला कातरल्यासारखी संपत होती.

आधी लिहिलं आणि मग कसर लागली, तर शाई कातरली जाते. आधी कसर लागली आणि मग लिहिलं, तर शाई भोकात उतरते. यात तिसरी शक्यता नाही.

जुना कोरा कागद आमच्याकडे होता. ठिगळं लावायला लागतो म्हणून एका पत्र्याच्या पेटीत आम्ही अशी पानं साठवत असू. पेटीच्या दोन किल्ल्या होत्या, एक माझ्याकडे, एक मुकुंदकडे. काजळीची शाई मी स्वतः बनवली होती, जुन्या कृतीनं, दीड महिना खलून. एक बाटली मुकुंदला वाढदिवसाला दिली होती. पोथीचं वळण त्याला सुरेख जमायचं. तो मला त्या वळणात चिठ्ठ्या लिहायचा, 'आज डब्यात काय आणिलें' अशा.

तरीही मी स्वतःला म्हणाले, घाई नको. दुपारी रिक्षा करून मी जुन्या जालन्यात गेले.

कौसाबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, हाताच्या नखांत अजून निळसर झाक. निळीचे रांजण बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

"ये ग माय. बस. आज सर न्हाईत संगं?"

"एकटीच आले. एक विचारायचं होतं. निळीचा रांजण आंबायला लावला की चौथ्या दिवशी ढवळतात का?"

त्यांचा हात सुपावर थांबला. "कोन ढवळतं?"

"मी ढवळला होता. दोन वर्षांपूर्वी, आमच्या प्रयोगशाळेत लावला होता तेव्हा. चार दिवस काही होईना, म्हणून पळीनं चांगला ढवळला. पाचव्या दिवशी वर तांब्याच्या रंगाची साय आली."

कौसाबाई इतक्या हसल्या की खोकला लागला. मी आतून पाणी आणून दिलं.

"अगं शिकल्याली ना तू? पोटुशी बाईला कोनी गदागदा हलवतं का? तुजं नशीब म्हनून उठला त्यो. गूळ पडल्यापासनं साय येईपतूर आमच्यात कोनी बोट लावत नसतंय. मोठ्यानं बोलत बी नसतंय. भांडायचं आसल तर वेशीपल्याड जाऊन भांडा, म्हनायची माजी सासू. मी नवी असताना एकडाव नुसतं झाकन उघडून बघितलं, तर आठ दिस बोलली न्हाई मला."

"येसूच्या घरीही असंच असेल?"

"तिच्याकडनंच तर आलं आमच्यात. 'रांजण निजला' म्हनत न्हाई का ती?"

म्हणते. बेचाळिसातली सातवी ओवी.

*रांजण निजला । नका करू गलबला ।*
*ऊब द्यावी त्याला । तुसाची गा ॥*

ही बाई चौथ्या दिवशी रांजण ढवळणार नव्हती. ढवळला होता मी, आणि ढवळल्यामुळेच तो उठला असा माझा समज झाला होता, आणि हा समज मी एकाच माणसाला सांगितला होता. तो डिसेंबर होता. आम्ही दोघं रांजणाशेजारी उभे होतो. मी रुमालाचा तुकडा आत बुडवून वर काढला, तो पिवळट हिरवा होता, आणि बघता बघता आमच्या डोळ्यांसमोर निळा झाला. "बघ," मी म्हणाले होते, "पाण्यात असेपर्यंत त्याला स्वतःचा रंग ठाऊक नसतो. बाहेरची हवा लागावी लागते. माझंही तसंच झालं मुकुंद, तू भेटल्यावर कळलं मी कोण ते." मी असं कधी बोलत नाही. त्यापूर्वी बोलले नव्हते, नंतरही नाही.

"कौसाबाई, दिवाळीला सर आले होते ना? तेव्हा तुम्ही आणखी पानं दिली होती का त्यांना?"

"कसली पानं? एकडावच दिलं की गठुडं, लाल फडक्यातलं. सर आल्ते, चिवडा खाल्ला, माळ्यावर चढले, आन् हात झटकत उतरले. म्हनले, उंदरांशिवाय काय न्हाई तुमच्याकडं." त्या माझ्याकडे पाहू लागल्या. "का गं? काय कमी-जास्त झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "सहज विचारलं."

मुकुंदशी मी दोन दिवसांनी बोलले. त्याच्या खोलीत, भर दुपारी, दार उघडं ठेवून. मी वहीतलं चित्र त्याच्यासमोर ठेवलं आणि भोकाचं सांगितलं. तिसऱ्या आणि नवव्या ओवीचं सांगितलं. त्यानं नाकारलं असतं, तर कदाचित मी पुन्हा मोजायला गेले असते.

"एक भोक राहिलं होय?" तो म्हणाला. "चाळिशी लावूनच बसलो होतो."

मी वही मिटली.

"तू ओळखशील असं वाटलंच होतं. खरं सांगू, ओळखावंस असंही वाटत होतं. कुंदा, तुझं बोलणं मी तीनशे वर्षं जुनं केलं. कोण करतं एवढं कोणासाठी?"

"माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी, येसूसाठी, सगळ्यांसाठी. तिनं कधी प्रेम केलंच नसेल कशावरून? पानं हरवली असतील. तू भोकाला ठिगळ लावतेस, तसंच मी लावलं."

"मी ठिगळ लावते ते ठिगळ म्हणून दिसेल असं लावते. वेगळ्या रंगाचा कागद वापरते. ते कशासाठी, तुला माहीत आहे."

"बरं बाई, चुकलं." तो उठून खिडकीशी गेला. "आता मार्ग काढू. खोटी म्हणू नकोस आणि खरीही म्हणू नकोस. 'अनिश्चित' लिही. एक शब्द. पुस्तक छापून होईल, पुढं कोणी शंका काढली तर काढली."

"शंका काढली तर बोट कोणाकडे जाईल?"

"कोणाकडेच नाही. म्हातारीनं दिली, आपण घेतली. जुनी माणसं काहीही देतात, त्यांना काय कळतं?"

"मग तिनं आधी दिलेली पोथीही खोटी ठरवतील. बेचाळीसच्या बेचाळीस."

"तू फार पुढचा विचार करतेस." मग तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काल आईशी बोललो. वैशाखात मुहूर्त आहेत. पंधरा मे कसा वाटतो तुला?"

सहा वर्षांत त्यानं पहिल्यांदा तारीख उच्चारली होती. मला आठवतं, माझा हात टेबलावरच्या चिमट्यावर होता आणि तो मी फार काळजीपूर्वक खाली ठेवला, जणू त्यात पानच धरलेलं होतं. मी तेहेतीस वर्षांची होते. धारूरला आई दर पत्रात एकच ओळ लिहायची. त्याच्याशिवायचं आयुष्य कसं असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आणि हे मला लपवायचं नाही: त्या संध्याकाळी मी टंकलेखन यंत्रावर अहवाल केला. शाई काजळीची, कागद जुना, लेखनकाल अनिश्चित. सही केली नाही. फाडलाही नाही. नऊ दिवस तो माझ्या खणात पडून होता. रोज मुकुंद चहा घेऊन यायचा आणि विचारायचा नाही.

चार मार्चला बैठक झाली. अध्यक्ष अप्पासाहेब उंबरीकर, निवृत्त न्यायाधीश, ऐंशीचे, कानाला यंत्र. समितीचे आणखी तिघं. मुकुंद. मी. आणि दाराजवळच्या खुर्चीत कडेला टेकून, नवं लुगडं नेसून, कौसाबाई बसल्या होत्या. त्यांना बोलावलं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"पोथीच्या मालकीणबाईंचा जबाब लागतो," मुकुंद सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "नियमाप्रमाणे. मी लिहून आणला आहे. बाईंचा फक्त अंगठा हवा." त्यानं कागद आणि शाईचं पॅड त्यांच्यापुढे ठेवलं.

कौसाबाईंनी कागद उलटा-सुलटा केला. मग खोलीभर पाहिलं आणि माझ्यावर नजर ठेवली.

"काय लिवलंय, बाई? तू वाच. मग देते अंगठा."

"मी वाचतो की," मुकुंद म्हणाला.

"तुमी लिवलं ना? मग तिला वाचू द्या. लिवनाऱ्यानं वाचायचं, तर मग बाकीचे कशाला जमलेत?"

समितीतले एकजण हसले. "बाई वकील आहेत," ते म्हणाले. अप्पासाहेबांनी मान हलवली. मी उठले आणि कागद हातात घेतला.

"'मी, कौसाबाई भ्रतार दगडू निळारी, लिहून देते की, माझ्या राहत्या घरातून येसू निळारीण हिची आणखी तीन पानं मी दिनांक बावीस ऑक्टोबर रोजी डॉ. आष्टीकर यांचे स्वाधीन केली...'"

"थांब," कौसाबाई म्हणाल्या. "मी न्हाई दिली."

"आजी, विसरलात तुम्ही," मुकुंद गोड आवाजात म्हणाला. "दिवाळीला. माळ्यावरून काढली ना आपण?"

"चिवडा खाल्लेला इसरले न्हाई, आन् पानं इसरंन? सर, आमच्या घरातलं दुसरं काय नसंल, पर येसूचं फडकं माज्या सासूनं तिच्या हातानं माज्या वटीत घातलंय. त्यात किती हाय आन् किती न्हाई ते मला ठावं हाय."

खोलीत चुळबुळ झाली. डावीकडचे सदस्य शेजाऱ्याला म्हणाले, "हे काय प्रकरण आहे? बाई आत्ता नाही म्हणतायत, मग आधीच्या पोथीचा तरी काय भरवसा?" ते हळू बोलले, पण एवढ्या मोठ्यानं की कौसाबाईंना ऐकू गेलं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि जमिनीकडे पाहू लागल्या, चोरी सापडलेल्या माणसासारख्या. चोरी त्यांनी केली नव्हती.

"म्हणूनच तर शास्त्रीय अहवाल मागवला आहे," मुकुंद म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती. ओळख होती, सवय होती, आणि खात्री होती. मला वाटतं त्या खात्रीनंच मला सगळ्यात जास्त लागलं.

अप्पासाहेबांनी कानातलं यंत्र नीट केलं. "धारूरकर बाई, तुमचा अहवाल?"

माझ्या हातात तो होता. मी तो दुमडून पर्समध्ये ठेवला.

"लेखी अहवाल मी देत नाही, अप्पासाहेब. सांगते, ते लिहून घ्या. पहिली तेवीस पानं येसूच्या काळातली आहेत, बेचाळीस ओव्या खऱ्या आहेत, आणि त्या कौसाबाईंनी दिल्या तशाच आहेत. ही तीन पानं कौसाबाईंच्या घरची नाहीत. कागद जुना आहे, आमच्या दुरुस्तीच्या पेटीतला असावा. लेखन कसर लागल्यानंतरचं आहे."

"म्हणजे बनावट?"

"हो."

"कुंदा," मुकुंद म्हणाला. सगळ्यांसमोर त्यानं मला या नावानं कधी हाक मारली नव्हती. "नीट विचार कर. तू दमली आहेस."

"कोणी केली हे शास्त्रानं सांगता येतं का?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"शास्त्रानं नाही येत."

"मग बाई, हा ठपका आपण कोणावर ठेवायचा? नाव नसेल, तर तो ज्या घरातून पोथी आली त्याच घरावर जाऊन बसतो. सूचीत तसंच नोंदवावं लागेल."

कौसाबाईंनी मान वर केली. त्यांना शब्द कळले होते की नाही, मला माहीत नाही.

"नाव मी सांगते," मी म्हणाले. "तिसऱ्या ओवीत रांजण ढवळल्याचं आहे. ती चूक येसूची नाही, माझी आहे. नवव्या ओवीत जे आहे, ते माझं बोलणं आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, खालच्या प्रयोगशाळेत, मी ते एका माणसाला म्हणाले होते, त्याच्यावर माझं प्रेम होतं म्हणून. दुसरं कोणी तिथं नव्हतं. ही पानं आष्टीकर सरांनी लिहिली आहेत, अप्पासाहेब, आणि मी त्यांच्याशी लग्न करणार नाही. हे दोन्ही लिहून घ्या, मी सही करते."